औषधपाण्याचं पान

जमाखर्चाची वही तुमच्याकडेही असेलच. किराणा, दूध, भाजी, शाळेची फी, विजेचं बिल, आणि अगदी शेवटी एक पान 'औषधपाणी' असं लिहिलेलं. हे शेवटचं पान होता होईतो कोरं राहावं, अशीच आपली देवाजवळ प्रार्थना असते. माझ्या वहीतलंही २०२५ च्या जुलैपर्यंत जवळजवळ कोरंच होतं. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या, मुलाचा ताप, एखादी खोकल्याची बाटली, बस. आणि आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, पहाटे पारण्याची घाई असताना, सासूबाई बाथरूमच्या उंबऱ्यावर घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. वय वर्षं चौऱ्याहत्तर.

पुढचं मी तुम्हाला सांगायला नको. ॲम्ब्युलन्स, धावपळ, जवळच्या एका खासगी रुग्णालयातला तो काउंटर, आणि काचेपलीकडून आलेला शांत आवाज, "पन्नास हजार डिपॉझिट भरा." ऑपरेशन झालं, चांगलं झालं, डॉक्टरांच्या हाताला यश होतं यात शंका नाही. पण सहा दिवसांनी जे बिल हातात पडलं ते दोन लाख ब्याण्णव हजारांचं होतं. आमची आरोग्य विम्याची पॉलिसी आहे. पण ती आम्हा तिघांची, म्हणजे हे, मी आणि मुलगा. सासूबाईंचं नाव त्यात घालायचं तर त्यांच्या एकटीचा हप्ता आम्हा तिघांच्या मिळून हप्त्यापेक्षा जास्त येत होता, म्हणून दर वर्षी "पुढच्या वर्षी बघू" असं म्हणत आम्ही ते टाळलं होतं. मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी ठेवलेली मुदतठेव मोडली. सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्या पडल्या पडल्या म्हणाल्या, "हाड मोडलंय तिथं पाटल्या मोडायला काय हरकत आहे? माझ्या पाटल्या मोड, पोराची ठेव मोडू नकोस." मी खोलीबाहेर जाऊन रडून घेतलं.

पण हा लेख रडगाणं गाण्यासाठी लिहीत नाही. सासूबाई आता काठी टेकत गॅलरीपर्यंत जातात आणि खालच्या भाजीवाल्याशी वरूनच भाव करतात. मला सांगायचं आहे ते त्यानंतरचं. दिवाळीचा फराळ झाल्यावर एका दुपारी मी ते औषधपाण्याचं पान पुढे घेऊन बसले आणि एक हिशेब मांडला. तो असा, की आजारपणासाठी आपल्या घरातून पैसा नेमका कुठून कुठून जातो, आणि त्यातला परत किती येतो.

मी सकाळच्या शाळेत अर्धवेळ शिकवते. नागरिकशास्त्राच्या तासाला 'कल्याणकारी राज्य' हा धडा मुलांना कितीदा तरी समजावला आहे. फळ्यावर 'आरोग्य', 'शिक्षण' असे शब्द लिहून त्याभोवती गोल काढले आहेत. पण त्या गोलात जाणारे पैसे माझ्या स्वयंपाकघरातून जातात, हे कधी मनावर घेतलं नव्हतं.

पहिली नोंद ह्यांच्या पगाराच्या कागदांत सापडली. २०२४-२५ साली ह्यांना प्राप्तिकर बसला अठ्ठेचाळीस हजार. त्याखाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती, 'आरोग्य व शिक्षण उपकर, चार टक्के'. म्हणजे एक हजार नऊशे वीस रुपये. हा उपकर २०१८ च्या अर्थसंकल्पात आला. त्याआधी तीन टक्क्यांचा फक्त शिक्षणाचा होता; त्याला आरोग्य जोडलं आणि एक टक्का वाढवला. त्याच अर्थसंकल्पात आयुष्मान भारत योजना जाहीर झाली, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची, आणि २३ सप्टेंबर २०१८ ला रांचीत ती सुरू झाली. आता गंमत पाहा. २०२५-२६ पासून नव्या करपद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला प्राप्तिकर लागत नाही, तेव्हा आमचा कर गेला आणि त्यामागोमाग हा उपकरही गेला. घरात पेढे वाटायचे बाकी राहिले. मला मात्र मनात चुटपुट लागली, की आम्ही घालत होतो ते पैसे आता त्या डब्यात कोण घालणार?

दुसरी नोंद पॉलिसीची. २०२४ च्या नोव्हेंबरात आम्ही भरलेला हप्ता चोवीस हजार, आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी, चार हजार तीनशे वीस. आजारपणाची तरतूद करणाऱ्या माणसालाच सरकार अठरा टक्के दंड लावतं की काय, असं त्या पावतीकडे पाहून वाटायचं. सोन्यावर तीन टक्के आणि विम्यावर अठरा! १ जुलै २०१७ पासून ही पद्धत होती. त्याआधीही सेवाकर पंधरा टक्के होताच. अखेर २२ सप्टेंबर २०२५ पासून व्यक्तीच्या आणि कुटुंबाच्या आरोग्य विम्यावरचा हा कर पूर्ण काढून टाकला. कंपनीने नोकरांसाठी एकत्र घेतलेल्या पॉलिसीला ही सूट नाही, हे लक्षात ठेवा. यंदाच्या नोव्हेंबरातल्या आमच्या पावतीवर कराच्या रकान्यात शून्य होतं. पण मूळ हप्ता चोवीसवरून सव्वीस हजार सहाशे झाला होता. वय वाढलं, असं एजंटने सांगितलं. शिवाय एक मेख आहे. हप्त्यावर कर होता तेव्हा विमा कंपनीला कचेरीच्या भाड्यावर, कमिशनवर भरलेला कर त्यातून वळता करून घेता येत होता. आता हप्त्यावर करच नाही, तेव्हा ती वळतीही गेली. तो बोजा कंपन्या कुठेतरी टेकवणारच. तरी आमचे सतराशे वीस रुपये वाचले, ते नाकारत नाही.

तिसरी नोंद तर मला रुग्णालयाच्या बिलातच सापडली. खोलीचं भाडं दिवसाला साडेपाच हजार, सहा दिवसांचे तेहतीस हजार, आणि त्यावर पाच टक्के जीएसटी, सोळाशे पन्नास रुपये. डॉक्टरांच्या फीवर, ऑपरेशनवर कर नसतो. पण दिवसाला पाच हजारांहून महाग खोलीवर १८ जुलै २०२२ पासून हा कर आहे, अतिदक्षता विभाग सोडून. त्या दिवशी काउंटरवर "स्वतंत्र खोली की दोघांची?" असं विचारलं, तेव्हा ह्यांनी आईकडे पाहून "स्वतंत्र" म्हटलं. त्या एका शब्दाची किंमत भाड्याच्या फरकापुरतीच नव्हती. आमच्या मजल्यावरच्या शेजारणीला तर हा धडा फारच महागात पडला. तिच्या पॉलिसीत खोलीभाड्याला मर्यादा होती. त्या मर्यादेबाहेरची खोली घेतली म्हणून भाड्यातला फरक तर कापलाच, शिवाय डॉक्टरांची फी आणि ऑपरेशनचा खर्चही त्याच प्रमाणात कापून मंजूर केला. तुमची पॉलिसी कपाटातून काढा आणि 'खोलीभाडे' हा शब्द शोधा. आजच.

आता बाकीचं. सासूबाईंच्या गोळ्या महिना साडेतेराशे, वर्षाचे सोळा हजार दोनशे. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या ताईंच्या चोवीस भेटी, सहाशेप्रमाणे चौदा हजार चारशे. मुलाचा ताप आणि माझी दाढ मिळून सात हजार आठशे. या सगळ्यात उपकर, हप्ता आणि रुग्णालयाचं बिल मिळवलं की बेरीज येते तीन लाख अठ्ठावन्न हजार नऊशे वीस. आणि वर्षभरात उपचारापोटी बाहेरून परत आलेला पैसा शून्य. बेरीज मी तीनदा केली, मग मुलाकडून कॅलक्युलेटरवर करून घेतली.

तुम्ही म्हणाल, हे तुमचंच झालं, सगळ्यांचं असं नसतं. आमच्या देवनारमध्ये गोवंडी स्टेशन रोडवर आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. रोज तिच्या फाटकासमोरून जाते मी. देशभरचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण हीच संस्था करते. २०१९ ते २०२१ च्या पाहणीत त्यांना आढळलं, की शंभरातल्या एक्केचाळीस घरांतच कुणा एकाच्या तरी नावावर आरोग्य विमा किंवा एखादी योजना होती. आणि सरकारचा स्वतःचा आरोग्याचा हिशेब सांगतो, की २०१३-१४ साली देशात आरोग्यावर खर्च होणाऱ्या शंभर रुपयांतले चौसष्ट माणसं स्वतःच्या खिशातून आजारपणाच्या वेळी भरत होती. २०२१-२२ साली ते एकोणचाळीसवर आले. सुधारणा झाली, नाही असं नाही. पण सरकारने राष्ट्रीय उत्पन्नातले अडीच टक्के आरोग्यावर खर्च करायचे आणि ते २०२५ पर्यंत, असं २०१७ च्या धोरणात लिहिलं होतं. २०२१-२२ साली केंद्र आणि राज्यं मिळून झाले १.८४ टक्के. अडीच वाट्या पाण्याच्या भातात पावणेदोन वाट्या पाणी घातलं तर भात कसा होईल ते आपल्याला कुणी सांगायला नको.

या बाबतीत माझं मत आता पक्कं झालं आहे. उपचार कुठेच फुकट नसतो. प्रश्न एवढाच, की पैसे आधी सगळ्यांनी मिळून थोडे थोडे भरायचे, की ज्याच्यावर वेळ येते त्याने त्या रात्री एकट्याने भरायचे. आपण बायका भिशी लावतो ती काय वेगळी? फरक एवढाच, की भिशीत प्रत्येकीचा नंबर लागतो. इथे आपला नंबर लागू नये अशी इच्छा धरून पैसे भरायचे असतात.

माझ्या नणंदबाई इंग्लंडात असतात. "तुमच्याकडे काय बाई, सगळं फुकट!" असं मी त्यांना फोनवर म्हटलं, तर त्या जवळजवळ रागावल्याच. तिथली राष्ट्रीय आरोग्य सेवा ५ जुलै १९४८ ला सुरू झाली. दवाखान्यात पैसे मागत नाहीत हे खरं, पण ती चालते मुख्यतः करांवर, आणि पगारातून राष्ट्रीय विम्याची कपात होते ती वेगळी. शिवाय व्हिसावर राहणाऱ्याला माणशी वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार आधीच भरावा लागतो, २०२४ च्या फेब्रुवारीपासून. वन्संनी दोन्ही भरले. वर इंग्लंडमध्ये औषधाच्या चिठ्ठीवरच्या एकेका औषधाला पैसे पडतात. मुलं आणि साठीपुढची माणसं त्यातून सुटतात. ही सेवा ज्यांनी उभी केली त्या अन्युरिन बेव्हन यांनी चष्म्यावर आणि कवळीवर पैसे लावायचं ठरलं म्हणून १९५१ साली मंत्रिपद सोडलं होतं, हे मला वन्संच्या मुलाने सांगितलं. तिकडच्या शाळेत शिकवतात म्हणे! अमेरिकेचा मार्ग आणखी निराळा. तिथे २०१० च्या कायद्याने विमा न घेणाऱ्यालाच करात दंड लावला होता; लोक इतके चिडले, की २०१९ पासून केंद्राचा तो दंड शून्यावर आणावा लागला. तेव्हा भांडण सगळीकडे एकच आहे.

आपल्या मुंबईतही ही सामायिक भिशी फार जुनी आहे. केईएम रुग्णालय १९२६ चं, नायर त्याच्याही आधीचं. महापालिकेची ही मोठी रुग्णालयं चालली कशावर? वाशी पुलाच्या अलीकडे, मानखुर्दच्या बाजूला जकात नाक्यावर उभ्या असलेल्या ट्रकच्या रांगा तुम्हाला आठवत असतील. ती जकात महापालिकेचं सगळ्यांत मोठं उत्पन्न होतं. म्हणजे आपल्या घरात आलेल्या तेलाच्या डब्यावर, साबणाच्या वडीवर आपण जकात भरत होतो आणि त्यातून परळच्या कुठल्याशा वॉर्डात एखाद्या अनोळखी बाईचं बाळंतपण होत होतं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जकात गेली. आता त्याबदली राज्य सरकारकडून भरपाई येते. पैसा आपलाच, फक्त त्याचा रस्ता लांब झाला.

आणि आता माझी कबुली. गोवंडीचं पंडित मदनमोहन मालवीय शताब्दी रुग्णालय आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर आहे. महापालिकेचं आहे, म्हणजे माझ्या तेलाच्या डब्याचं आहे. पण त्या पहाटे आमच्यापैकी कुणाच्या तोंडातून ते नावसुद्धा निघालं नाही. हे नंतर म्हणाले, "आईला तिथं नेलं असतं तर दादाने मला काय म्हटलं असतं?" गर्दी असते, रांग असते, हे खोटं नाही. पण मोठ्या भावाच्या भीतीचे आम्ही दोन लाख ब्याण्णव हजार मोजले, असं मी रागाच्या भरात म्हणून गेले. दोन दिवस अबोला होता. मध्यमवर्गाने पाठ फिरवली की सरकारी दवाखान्याची गाऱ्हाणी वरपर्यंत पोचवणारं कुणी उरत नाही, हे मला पटत चाललं आहे. इथल्या रुग्णालयांचं काम खासगी संस्थांना देण्याचं महापालिकेने काढलं, तेव्हा २०२५ साली गोवंडी-मानखुर्दच्या रहिवाशांनी विरोध केला. त्यात आमच्या सोसायटीचं कुणीही नव्हतं. मीही नव्हते.

आता सगळ्यांत जिव्हारी लागणारी गोष्ट सांगते. सासूबाई पडल्या तेव्हा आम्हाला एक नाही, दोन योजना लागू होत्या, आणि आम्हाला एकीचाही पत्ता नव्हता. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मानचं वेगळं कार्ड मिळतं, वर्षाला पाच लाखांपर्यंत. खासगी पॉलिसी असली तरी मिळतं. आणि आपल्या राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, जी २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झाली होती, ती आधी पिवळ्या आणि केशरी कार्डांपुरती होती, दीड लाखापर्यंत. १ जुलै २०२४ पासून ती पाच लाखांपर्यंत नेली आणि पांढऱ्या कार्डालाही लागू केली. आमचं पांढरं रेशनकार्ड! "पांढऱ्याला काय मिळतंय" म्हणून ते माळ्यावरच्या ट्रंकेत, हळदीकुंकवाच्या वाणाच्या उरलेल्या डब्यांखाली पडलं होतं.

अर्थात कार्ड असतं म्हणजे सगळं झालंच असतं असं नव्हे. ही योजना फक्त यादीतल्या रुग्णालयांत चालते. आम्ही गेलो ते यादीत नव्हतं. ठरवून दिलेले दर परवडत नाहीत, पैसे उशिरा येतात, अशी रुग्णालयांची तक्रार असते आणि पुष्कळशी मोठी नावं यादीबाहेर राहतात. शिवाय कोणता उपचार बसतो, कोणता नाही, याचीही यादी आहे. काही उपचार सरकारी रुग्णालयांसाठीच राखून ठेवलेले आहेत. पण निदान त्या पहाटे ॲम्ब्युलन्सवाल्याला कुठे चल म्हणायचं हे तरी आम्हाला माहीत असतं. यादीतल्या प्रत्येक रुग्णालयात 'आरोग्यमित्र' म्हणून एक माणूस बसलेला असतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला गाठायचं. फुले योजनेचा फोन १५५३८८, आयुष्मानचा १४५५५. मी दोन्ही नंबर फ्रिजवर चिकटवले आहेत, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी. घराजवळची यादीतली तीन रुग्णालयंही लिहून ठेवली आहेत. बरं असताना हे काम अर्ध्या तासाचं आहे.

आणखी एक. करमाफी मिळणारी जी धर्मादाय रुग्णालयं आहेत, त्यांतल्या शंभर खाटांपैकी दहा निर्धनांसाठी मोफत आणि दहा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. उच्च न्यायालयाने २००६ साली तशी योजनाच घालून दिली आहे. निर्धन म्हणजे वर्षाचं उत्पन्न एक लाख ऐंशी हजारांच्या आत, दुर्बल म्हणजे तीन लाख साठ हजारांच्या आत. तहसीलदाराचा दाखला लागतो. ही काही त्या रुग्णालयांची मेहेरबानी नव्हे. त्यांना जो कर माफ केला तो आपण सगळ्यांनी मिळून सोसलेला आहे. तेव्हा विचारताना संकोच नको. मी आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या बाईला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "वहिनी, ते दारावरचा वाचमन सांगू देईल का मला?"

या बाईबद्दल थोडं सांगायलाच हवं. ती बैंगनवाडीत राहते. तिची दोन्ही बाळंतपणं महापालिकेच्या प्रसूतिगृहात झाली, आणि आता मुलीला ताप आला तर ती संध्याकाळी कामं आटोपून 'आपला दवाखाना'त जाते. २०२२ च्या नोव्हेंबरापासून मुंबईत हे दवाखाने निघाले, रात्री दहापर्यंत उघडे असतात, तपासणीला पैसे पडत नाहीत. मला वाटायचं, तिला सगळं फुकटच मिळतं. एकदा बोलता बोलता तसं म्हणूनही गेले. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी नवऱ्याच्या पगाराची चिठ्ठी घेऊन आली. तो एका कंत्राटदाराकडे रखवालदार आहे. पगार सोळा हजार. "वहिनी, तुम्ही शिकवता ना, हे एकशेवीस कुठं जातात बघा. तीन वर्षं जातायत."

ती कपात होती कामगार राज्य विम्याची, ईएसआय म्हणतात ती. १९४८ चा कायदा. महिना एकवीस हजारांपर्यंत पगार असणाऱ्याच्या पगारातून पाऊण टक्का कापतात आणि मालकाने त्यात स्वतःचे सव्वातीन टक्के घालायचे. २०१९ च्या जुलैपासून हे दर आहेत. सोळा हजारांवर याचे एकशेवीस, मालकाचे पाचशेवीस. त्याच्या बदल्यात केवळ त्याच्यावरच नव्हे, तर बायकोवर आणि मुलांवरही उपचार व्हायला हवेत, आणि तो आजारी पडून घरी बसला तर वर्षात एक्क्याण्णव दिवसांपर्यंत पगाराच्या सत्तर टक्के रक्कम मिळायला हवी. मागच्या वर्षी त्याला कावीळ झाली तेव्हा तो दीड महिना बिनपगारी घरी होता. ईएसआयचं कार्ड त्याला कुणी दिलंच नव्हतं. हिने त्या वेळी माझ्याकडून आठ हजार उचल घेतली होती आणि महिना पाचशेप्रमाणे फेडत होती. मी ती उचल देताना स्वतःला फार उदार समजले होते!

तीन वर्षं दरमहा एकशेवीस म्हणजे चार हजार तीनशे वीस. आकडा ओळखीचा वाटला म्हणून वही उलटून पाहिली. माझ्या पॉलिसीवरच्या एका वर्षाच्या करापेक्षा एक रुपया कमी नाही की जास्त नाही. योगायोगच, पण मी बराच वेळ ती दोन्ही पानं समोर ठेवून बसले होते.

शेवटी ह्यांनीच पुढाकार घेतला. कंत्राटदाराला साधं, सभ्य भाषेतलं पत्र लिहून दिलं, की माझा दहा आकडी विमा क्रमांक आणि कुटुंबाची नोंद मिळावी. दुसरी प्रत ईएसआयच्या कचेरीसाठी. तीन आठवडे काही नाही. मग एका संध्याकाळी तिचा नवरा स्वतः दारात आला, गणवेशातच, आणि कागद पुढे केला. क्रमांक होता. कुटुंबाच्या रकान्यात बायकोचं नाव होतं, मुलाचं होतं. मुलीचं राहिलं होतं. त्यासाठी पुन्हा फेरी आहे.

सासूबाईंचं आयुष्मानचं कार्ड आम्ही नोव्हेंबरातच केलं. आधार आणि फोनवर आलेला आकडा एवढंच लागलं. वर्षभर उशिरा, पण केलं. छापून घ्यायला तीस रुपये पडले, ते मी औषधपाण्याच्या पानावर लिहिले आहेत. कार्डावरचा फोटो त्यांना मुळीच आवडला नाही. "आजारी दिसतेय मी यात," म्हणाल्या. पाटल्यांच्या डब्यातच ठेवलं आहे त्यांनी ते, आणि किल्ली कंबरेला. मी म्हटलं, "आई, रात्री-अपरात्री लागलं तर?" तेव्हा कुठे दुसरी प्रत फ्रिजवर लावू दिली.